नाव बंद

यशश्रीने टिफिनचं झाकण दाबून बसवलं आणि जिन्यावरूनच ओरडली, "लीलाताई, ऑटोला थांबवा! आलीच अंतरा."

खाली फाटकाशी शेजारच्या लीलाताईंनी ऑटोच्या दांडीला हात लावून ठेवला होता. अंतरा दप्तर सांभाळत आत चढली, ऑटो हरिशंकरपुरम वसाहतीच्या वळणावर दिसेनासा झाला, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तिसरीत सुनंदाबाईंचा वर्ग मिळालाय ना हिला?"

"मिळालाय कसला, मागून घेतलाय. आख्ख्या हिंदी शाळेत एकटी मराठी टीचर."

"बदलून घे."

"का हो?"

"बावीस वर्षं घंटा दिलीय मी त्या शाळेत. एकदा छुट्टीनंतर खोली रिकामी समजून कुलूप लावायला गेले, तर आत चाळीस पोरं बसली होती. एक बाक वाजत नव्हतं."

यशश्री हसली. "त्याला शिस्त म्हणतात, लीलाताई. आमची कार्टी घरी जरा तशी बसली तर पेढे वाटीन."

लीलाताई हसल्या नाहीत. ते जुलैमधलं बोलणं.

दिवाळीपर्यंत अंतराचं अक्षर सुरेख झालं होतं. उलट उत्तरं बंद झाली होती. नात्यातल्या बायका विचारायच्या, कोणाकडे शिकते ही? यशश्री अभिमानाने सांगायची, आपल्या सुनंदा मॅडमकडे. त्यातल्या 'आपल्या'वर तिचा आवाज नकळत चढायचा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दोघी मायलेकी दाल बाज़ारात पोहे आणि बेसन घ्यायला गेल्या होत्या. दुकानदार वजन करत असताना मागून हाक आली.

"अंतरा! ए अंतरा!"

दोन वेण्यांची, खांद्यावर शाळेचीच बॅग असलेली एक मुलगी गर्दीतून वाट काढत आली. अंतरा साखरेच्या पुड्यावरची अक्षरं वाचत राहिली.

"अगं, तुला बोलावतेय ती."

"कोण?"

मुलगी इतकी जवळ येऊन उभी राहिली की तिच्या श्वासाने अंतराच्या कानापाशी केस हलले. अंतराने मान वळवली, तिच्याकडे नव्हे, तिच्यातून पलीकडे, आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. मुलगी झटकन बाजूला सरली. धक्का लागण्याआधी सरायची तिला सवय असावी.

घरी आल्यावर यशश्रीने तिला समोर बसवलं. "कोण होती ती?"

"शिखा." अंतरा बोटाचं नख सोलत होती. "तिचं नाव बंद आहे."

"म्हणजे काय?"

"मॅम मारत नाहीत ना. चिल्लावतपण नाहीत. जी जास्त बोलते तिचं नाव बंद करतात, बस. हजेरीत घेत नाहीत, कॉपी-वही तपासत नाहीत. मग ती नसते."

"नसते?"

"कोणी तिच्याशी बोललं तर तिचं उघडतं आणि बोलणाऱ्याचं बंद होतं. बाहेर बोललं तरीपण. मॅमना कळतं."

"आणि कोणी बोललंच नाही तर?"

अंतराने विचार केला. हा प्रश्न तिला नवा नव्हता, फक्त कोणी तो मोठ्याने विचारला नव्हता. "नाहीच ना बोलत कोणी," ती म्हणाली. "दशहऱ्यापासून."

पालकसभा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या शनिवारी होती. काय बोलायचं ते यशश्रीने भांडी घासताना, कपडे वाळत घालताना पाठ केलं होतं. अंतराचा हात धरून ती वर्गात शिरली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि तिसऱ्या बाकावर त्या उन्हात शिखा चित्रकलेची वही उघडून एकटीच बसली होती. तिच्या घरचं कोणी आलेलं दिसत नव्हतं.

सुनंदा मॅडम उठून सामोऱ्या आल्या. त्या इतक्या हळू बोलायच्या की ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागे.

"अंतराचं फार छान चाललंय. बसा ना."

बोलता बोलता त्यांनी तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलला आणि तिसऱ्या बाकावर, शिखाच्या उघड्या वहीवर ठेवला. शिखाने बोटं वेळेवर मागे घेतली.

"मॅडम, ही मुलगी..."

"कोणती?"

मॅडमनी बाकाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, की काही टाळल्याचा ताणही नव्हता. रिकाम्या जागेकडे माणूस जसं पाहतो, तसं त्यांनी पाहिलं.

"तिथे कोणी बसत नाही," त्या म्हणाल्या. मग यशश्रीच्या मनगटावर हलकेच हात ठेवून, "या गावात आपली किती घरं उरलीत हो. आपल्या मुलींवर माझं जरा जास्तच लक्ष असतं. अंतरावर तर आहेच."

यशश्रीची पाठ केलेली वाक्यं जिभेपर्यंत आली होती. अंतराचा हात तिच्या हातात गार पडला होता.

"हो," ती म्हणाली. "थँक यू, मॅडम."

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी पावलं वाजली. शिखा मागे आली होती. रडत नव्हती. एखादा हिशोब समजावून सांगावा तसं ती बोलली.

"आंटी, आप तो क्लास में नहीं हो. आपका नाम बंद नहीं हो सकता. आप बोल दो ना, कुछ भी."

अंतराची नखं यशश्रीच्या तळव्यात रुतली. "आई, चल. आई, प्लीज. माझं करतील."

यशश्री वाकली. तिने अंतराची कॉलर सरळ केली. ती आधीपासूनच सरळ होती. मग लेकीचा हात धरून ती जिना उतरली. मागे पावलं वाजली नाहीत.

पुढच्या गुरुवारी अंतरा घरी येऊन म्हणाली, "आज कोणाचंच नाव बंद नाही."

"शिखाचं उघडलं?"

"ती येतच नाही. तू आली होतीस ना, त्या दिवसापासून."

यशश्रीने वर्गाच्या ग्रुपवर विचारलं: शिखा कैसी है, किसी को पता है? छत्तीस जणांनी वाचलं. मग खाली चार्ट पेपर कोणत्या रंगाचा आणायचा ते विचारणं सुरू झालं, आणि तिचा प्रश्न वर सरकत दिसेनासा झाला.

शाळेच्या ऑटोवाल्याने गल्ली सांगितली. शुक्रवारी अंतराला शाळेत पोचवून ती दाना ओली नावाच्या त्या गल्लीत गेली, विचारत विचारत एका निळ्या दारापाशी थांबली. शिखाच्या आजीने दार उघडलं.

"आप टीचर हैं?"

"नहीं, शिखा की सहेली की मम्मी." बोलताना तिची जीभ अडखळली. "तबीयत ठीक है उसकी?"

"बुखार-वुखार कुछ नहीं. बस बोलती नहीं. आवाज़ दो तो सुनती ही नहीं. इसके माँ-बाप भोपाल में हैं, फ़ोन पर भी चुप."

वरच्या सज्ज्यात शिखा पेन्सिलला टोक काढत बसली होती. टोक केव्हाच निघालं होतं, तरी ती तासत होती. पुढ्यात सालींचा ढीग साचला होता.

"शिखा."

शार्पनर फिरत राहिला.

यशश्री तिच्यासमोर जमिनीवर बसली. "शिखा, बेटा. मैं अंतरा की मम्मी. उस दिन मैंने..." मग तिने नुसतीच हाक मारली. पुन्हा मारली. सातव्या हाकेला शिखा उठली आणि तिला वळसा घालून आत गेली. तिथे काहीतरी आहे हे तिच्या पायांना माहीत होतं. डोळ्यांना नव्हतं.

दुपारी यशश्री फोन घेऊन बसली. वर्गाचा ग्रुप तिने उघडला नाही. गावातल्या मराठी मंडळींचा ग्रुप उघडला. गणपतीची वर्गणी आणि लग्नाची स्थळं फिरतात, तो. चारशे माणसं. सुनंदा मॅडमही त्यात होत्या. ती लिहायला लागली.

शाळेतून आलेली अंतरा मागे येऊन उभी राहिली. तिने वाचलं.

"मॅमपण आहेत यात."

"माहीत आहे."

"माझं नाव बंद होईल."

"सोमवारपासून त्या वर्गात जायचं नाही तुला. मी बोलते शाळेत."

असं म्हणत यशश्री वळली. "अंतरा?" लेक तिच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे पाहत होती. एक क्षण, दोन क्षण. मग तिचे डोळे हळूहळू परत आले, आणि तिने आईची ओढणी मुठीत घट्ट धरली.

यशश्रीने एका हाताने तिला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने लिहिलेलं पाठवून दिलं.

*तिसरीत सुनंदा मॅडमच्या वर्गात मुलांचं नाव बंद करतात. आपल्या मुलांना विचारा. शिखाचं नाव दसऱ्यापासून बंद होतं. ती आठ वर्षांची आहे, दाना ओलीत निळ्या दाराच्या घरात आजीजवळ राहते. तिने मला एक शब्द बोलायला सांगितलं होतं, मी बोलले नाही. आता मी हाक मारली तर तिला ऐकू येत नाही. हे वाचणाऱ्यांनो, तुम्ही तिला अजून एकदाही टाळलेलं नाही. तिकडून जात असाल तर वर जाऊन तिला बघाल का? नावाने हाक मारा. वळली तर मला कळवा. नाही वळली, तरी लगेच उठून येऊ नका.*