टर्कीला एलजी

दुष्काळात गावानं पाणी मागितलं. सरकारनं टर्की पाठवल्या.

टर्की काय खाते, कुठं झोपते, कशाला असते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तातडीनं टर्कीपालन सहकारी सोसायटी काढण्यात आली आणि भगवानराव तिचे चेअरमन झाले, बिनविरोध. गावातल्या प्रत्येक सोसायटीचे ते बिनविरोध चेअरमन होते. दूध सोसायटीला एकदा एक जण त्यांच्याविरुद्ध उभा राहिला होता. त्याच्या घराला अजून कुलूप होतं. तो कुठं गेला हे कुणी विचारत नसे, आणि कुणी विचारत नाही याचंही कुणाला नवल वाटत नसे.

उन्हाळा लागेपर्यंत टर्की एकेक करून मेल्या. एक नर तेवढा उरला. लाल लोंबती मान, पुढाऱ्यासारखी छाती, आणि कुणी मोठ्यानं बोललं की तो गळ्यातून ‘गुडगुडगुड’ असं उत्तर द्यायचा. सभेत भगवानराव ठराव वाचत, बाहेरून टर्की गुडगुडे, आणि भगवानराव म्हणत, “अनुमोदन आलं. मंजूर.” लोक हसत. ठराव मात्र खरंच मंजूर होत.

अशात रामहरीनं चेअरमनपदासाठी अर्ज भरला.

रामहरी हा गावातल्याच गहिनीनाथचा लंगोटीयार. माणूस कामाचा, पण नकलाकार. एका सभेत चेअरमन बोलायच्या आधीच मागच्या रांगेतून त्यानं हुबेहूब गुडगुड केली आणि म्हणाला, “अनुमोदन आलंय. आता ठराव काय तो सांगा.” सभा लोटपोट झाली. भगवानरावही हसले. सगळ्यांचं हसून झालं तरी ते हसतच होते.

त्यानंतर कुणीतरी खुराड्याचं दार उघडलं आणि टर्की ओढ्याकाठच्या बाभळीत पसार झाला. पुढच्या सभेत, आयत्या वेळचे विषय निघाले तेव्हा, भगवानराव म्हणाले, “टर्की माणसाच्या अंगावर धावून येतोय. बंदोबस्त करावा लागंल.” कुणाच्या अंगावर धावला होता ते कळलं नाही. गावात परवान्याची बाराबोर बंदूक एकच होती, गहिनीनाथच्या बापाची, निजामाच्या वेळची. आता परवाना गहिनीनाथच्या नावावर होता, आणि त्याच्या नूतनीकरणाला शिफारस दर वेळी भगवानरावांचीच लागे.

काडतुसं आणायला भगवानराव आणि गहिनीनाथ सोसायटीच्या जीपनं अंबाजोगाईला गेले. शिवशरण आप्पांच्या दुकानात छत्र्या आणि काडतुसं मिळत. छत्र्यांवर धूळ होती. काडतुसांवर नव्हती.

“पाखरू केवढं हाय?” आप्पांनी विचारलं.

“बोकडाएवढं,” गहिनीनाथ म्हणाला. “उडतंय कमी, पळतंय लई.”

आप्पांनी डबे मांडले. “सहा नंबर म्हंजी बाजरीएवढे छर्रे. तित्तराला ठीक. ह्याची पिसं जाड, आत जायाचे न्हाईत. चार नंबर घ्या, ज्वारीएवढे. जवळ जावा, मान धरून मारा. अंगावर मारू नका, खाताना दातात येतंय.”

बाजरी-ज्वारीचं नाव निघाल्यावर गहिनीनाथच्या तोंडाला पाणी सुटलं. भगवानरावांनी तिसऱ्या डब्यावर बोट ठेवलं.

“एलजी द्या.”

आप्पांनी तो डबा आपल्याकडं ओढला. “साहेब, एलजी म्हंजी हरभऱ्याएवढ्या गोळ्या. रानडुकराचं काम. पाखराला मारलं तर हातात काय ऱ्हाणार?”

“डुक्कर आडवं आलं तर?”

“दुष्काळात डुक्कर?”

“न्हाईतर काय आडवं येईल, कुणी सांगावं?” भगवानराव म्हणाले.

आप्पांनी दोन एलजी कागदात बांधल्या आणि पुडी चेअरमनांकडं न देता गहिनीनाथच्या हातावर ठेवली. परवाना त्याचा होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. उरलेले आधीच ऊसतोडीला गेलेले. ओढ्यावर तिघंच होते: भगवानराव, बंदूक घेतलेला गहिनीनाथ आणि रामहरी.

“रामहरी, तुझ्यासारखी गुडगुड अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत न्हाई,” भगवानराव कौतुकानं म्हणाले. “तू बाभळीत शिर आणि आवाज दे. टर्की उत्तर देईल. आवाज आला की गहिनीनाथ बार टाकंल.”

“कुठला आवाज?” रामहरी हसला. “माझा का त्याचा?”

“आता ते गहिनीनाथनंच वळखायचं.”

“वळख बे नीट!” म्हणत रामहरीनं गहिनीनाथच्या पाठीत धपाटा घातला आणि काटे बाजूला सारत आत गेला. बाभळीनं त्याच्यामागं दार लावून घेतलं.

“भर,” भगवानराव म्हणाले. “दोन्ही नळ्यांत.”

गहिनीनाथनं बंदूक मधोमध मोडून उघडली. हरभऱ्याएवढ्या गोळ्या. पाखरासाठी नाहीत. बाभळीत डुक्कर नव्हतं, बिबट्या नव्हता. बाभळीत फक्त टर्कीसारखं ओरडू शकणारा एक उमेदवार होता. तरी गहिनीनाथच्या हातांनी काडतुसं सारली आणि बंदूक मिटली. हात बापाचेच असल्यासारखे चालत होते.

“चेअरमनसाहेब, ह्यो आवाज माणसाचा निघाला तर?”

“शिकारीत चुका व्हत्यात. मी सोता साक्ष देईन की तुला दिसलं न्हाई.” “आणि तुला दिसलंच, तर पुढल्या वेळी बंदूक दुसऱ्याच्या हातात आसंल. आन् बाभळीत तू.”

आतून गुडगुड आली. लगेच दुसऱ्या बाजूनं दुसरी. दोन्ही इतक्या सारख्या, की एकाच गळ्यातून निघाल्यासारख्या. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं, कारण पानं नव्हती.

“मार,” भगवानराव म्हणाले.

गहिनीनाथनं बंदूक खांद्याला लावली. नेम डाव्या आवाजावर गेला, मग उजव्या. डाव्या बाजूच्या गुडगुडीत शेवटी किंचित हसू होतं. नेम तिथंच थांबला.

“मार म्हणलं ना!”

“रामहरी!” गहिनीनाथ बेंबीच्या देठापासून ओरडला. “अर्ज मागं घे!”

गुडगुड तुटली. एवढी शांतता झाली की ती कुणीतरी पसरून ठेवल्यासारखी वाटली.

“घेतला!” बाभळीतून रामहरीचा खराखुरा आवाज आला. हसू नसलेला त्याचा आवाज गहिनीनाथनं पहिल्यांदाच ऐकला. “घेतला बे! आयच्यान घेतला!”

भगवानरावांनी गहिनीनाथच्या खांद्यावर हात ठेवला. हात उन्हातही गार होता. “बिनविरोध,” ते म्हणाले, आणि जीपकडं चालू लागले.

रामहरी बाहेर आला. गालावर ओरखडे, हातात काटा. तो गहिनीनाथसमोर येऊन उभा राहिला.

“टर्की दिसला का तुला?”

“न्हाई.”

“मग नळी माझ्याकडं कावून हाय?”

गहिनीनाथनं पाहिलं. नळी अजून रामहरीच्या पोटावर होती. ती खाली करायला त्याला फार वेळ लागला. “मीच ओरडलो न्हवं का,” तो म्हणाला.

“ओरडलास,” रामहरी म्हणाला. “नेम धरून.”

जीप सुरू झाली. “बसा रे दोघंबी,” भगवानरावांनी हाक दिली. “चहा घेऊ.”

रामहरी मागं चढला. गहिनीनाथ त्याच्याशेजारी बसायला गेला, तेव्हा रामहरीनं पाय लांब करून फळी अडवली.

“बंदूकवाल्यानं पुढं बसावं,” तो म्हणाला.

गहिनीनाथ पुढं गेला. चेअरमनांनी शेजारची जागा धूळ झटकून मोकळी करून ठेवली होती.