ओरखडा नसलेला पत्रा

"भावोजी, हा पत्रा खरा वाटत नाही."

मेहुणा खुर्चीमागे उभा होता. मास्तरांनी मान वळवली नाही. संगणकाच्या पडद्यावर त्यांनी काढलेली राखाडी पाटी होती. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, मधोमध बटणांच्या गोल जागा.

"काय कमी आहे?" त्यांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येत. बघणाऱ्याला हात लावावासा वाटला पाहिजे. आता सगळी बटणं काचेवर आली, पण लोकांना दिसायला पत्राच हवाय."

बावीस वर्षं मास्तरांनी खरा पत्रा घासला होता. पंपांच्या, लिफ्टच्या, बॉयलरच्या बटणांच्या पाट्या. घासणाऱ्या फिरत्या पट्ट्याखाली स्टीलचा पत्रा धरायचा आणि एका दमात पुढे न्यायचा. मध्येच हात थबकला की डाग पडे, आणि पाटी वाया जाई. मग पाट्यांच्या जागी काचेचे पडदे आले आणि मेहुण्याच्या वर्कशॉपला कुलूप लागलं. बाकीची माणसं गेली. बहिणीच्या नवऱ्याला मेहुणा वाऱ्यावर कसा सोडणार? काही महिन्यांनी त्याने त्यांना संगणकाचा तीन महिन्यांचा क्लास लावून दिला आणि वरच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत बसवलं. ऑफिसात त्याला साहेब म्हणायचं की दादा, हे चार वर्षांत मास्तरांचं ठरलं नव्हतं. म्हणून ते काहीच म्हणत नसत.

त्यांनी पाटी पुसून नव्याने सुरुवात केली. राखाडी रंग भरला, त्यावर रवा भुरभुरावा तसे बारीक ठिपके टाकले. ठिपके आडवे ओढले की त्यांच्या रेघा होत. वरून तिरका उजेड, कडेला सावली. क्लासमध्ये शिकवलं होतं ते एवढंच, दहा मिनिटांचं काम.

पण या वेळी ते थांबले नाहीत. बटणाच्या भोकाजवळ उजेड किंचित वळतो, तो वळवला. कडेला रेघा विरळ होतात, त्या केल्या. पट्ट्यात कधी एखादा जाड कण अडकतो आणि पत्र्यावर एकच खोल रेघ उठते. तीही त्यांनी डाव्या बाजूला, नखाएवढी ओढली. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नकळत पडद्यावर अंगठा फिरवून पाहिला.

मेहुणा खूश झाला. "आता कसं! फक्त इथे ओरखडा आलाय बघा."

"तो असतो."

"असेल हो. पण दिसायला नको."

मास्तरांनी एक बटण दाबलं. ओरखडा नाहीसा झाला. तिथे काही होतं असं कुणाला वाटलंही नसतं.

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ते समोर बसून म्हणाले, "पट्ट्यावरच्या माझ्या जुन्या जोडीदाराचा फोन आला होता. त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलंय. स्टीलचे कठडे, ओटे घासायचे. मला बोलावतोय."

"आणि दादाला काय सांगणार?"

"सांगेन काहीतरी."

"तुम्ही सांगून मोकळे व्हाल. माहेरी तोंड मला दाखवायचंय." तिने हातातला टॉवेल पुन्हा उलगडला. "वर्कशॉप बंद झालं तेव्हा आठ महिने तुम्ही भिंतीकडे बघत बसला होतात. जेवा म्हटलं की जेवायचात. दादा आला आणि हाताला धरून घेऊन गेला. मला नकोत ते दिवस परत."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी ते मनाशी वाक्यं जुळवत मेहुण्याच्या खोलीत गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आत तो उठून पुढे आला.

"तुमच्या घरून फोन आला होता मला," तो हलकेच म्हणाला. "भावोजी, या वयात परत त्या धुळीत उभे राहणार? मी असताना?" त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासाठी नवी खुर्ची मागवलीय. पाठीला आधार असलेली."

तो चिडला असता तर मास्तरांना बोलता आलं असतं.

"बरं," ते म्हणाले.

जागेवर येऊन त्यांनी जोडीदाराला फोन लावला. "नाही जमायचं रे मला."

तो म्हणाला, "ठीक आहे, मास्तर. तब्येतीला जपा." फोन बंद न करताच त्याने खिशात टाकला असावा, कारण आवाज येत राहिला. मशीन चालू झालं. पत्रा पट्ट्याला लागला, आणि लांब, सलग घासल्याचा आवाज मास्तरांच्या कानात भरला. त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या पत्र्याला मध्येच किंचित थरथर आली.

"पट्टा सैल आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "आधी ताणून घे."

तिकडे कुणाला ऐकू गेलं नाही. चौथा पत्रा लागला. मास्तर फोन कानाला धरून बसून राहिले.