गणितावर गोल फिरणारा लोलक

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दहावी झालेल्या मुली आणि त्यांचे आईबाप खुर्च्या संपल्यावर खिडक्यांच्या कट्ट्यांवर टेकले होते. सगळ्यांच्या माना एका टेबलाकडे वळल्या होत्या. टेबलावर पाच पाठ्यपुस्तकं ओळीने मांडलेली: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गृहशास्त्र. गणितावर एका मुलीच्या आईने दोऱ्याला बांधलेला पितळी लोलक धरला होता. तिचा हात जागचा हलत नव्हता, तरी लोलक हळूहळू गोल फिरू लागला.

"मी हात लावला का?" लोलकवाल्या सरांनी दोन्ही तळवे वर करून दाखवले. "मुलीच्या मेंदूची कंपनं आईबापाच्या रक्तात असतात, रक्तातून दोऱ्यात उतरतात. लोलक सरळ झुलला तर विषय मानवतो, गोल फिरला तर बाधतो. हे शुद्ध क्वांटम शास्त्र आहे, ताई. गणित काढून टाका."

आईने मान डोलावली आणि अकरावीच्या विषयांच्या फॉर्मवरचं गणित खोडलं.

शाळेच्या भौतिकशास्त्राच्या बाई दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या. त्या माणसाने प्रयोगशाळेतल्यासारखा पांढरा कोट घातला होता, आणि ओल्या साबणाला केस चिकटावा तसा त्याच्या प्रत्येक वाक्याला 'शास्त्र' हा शब्द चिकटला होता. त्याला बोलावलं होतं खुद्द मुख्याध्यापकांनी. "विषयनिवडीची कटकट मिटते, बाई," ते सकाळी म्हणाले होते. "पालक खूश आहेत. तुम्ही उगाच फाटे फोडू नका."

फॉर्म भरायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. आज गणित आणि भौतिकशास्त्र सुटलं, की इंजिनिअरिंग काय आणि संशोधन काय, पुढच्या वाटा बंद. एवढा निर्णय दोऱ्याला टांगला होता, आणि माणसं माना डोलवत होती.

सकाळपासून पाहता पाहता बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. दोरा हातात देण्याआधी सर प्रत्येकाला मधाळ आवाजात विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं, मुलीला काय झेपेल?" आईबाप जे बोलायचे, तेच पाच मिनिटांनी लोलक बोलायचा.

मग टेबलाशी बाईंचा सख्खा भाऊ मुलीला घेऊन आला. भाऊ वजनकाटे दुरुस्त करायचा. त्याची मुलगी शाळा सुटली की दुकानात त्याच्या शेजारी बसायची. जुनी स्प्रिंग का थकते, धातू आतून का तुटतो, हे तिला शिकायचं होतं. हे तिने आत्याला शंभरदा सांगितलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं, काय झेपेल?" सरांनी विचारलं.

"हुशार आहे," भाऊ म्हणाला. "पण मुलीची जात. गणितबिणित घेऊन एवढी वर्षं कुठे शिकत बसणार? घराजवळचं काही बरं."

लोलक गणितावर गोल फिरला. भौतिकशास्त्रावर गोल फिरला. गृहशास्त्रावर झोपाळ्यासारखा सरळ झुलला. मुलगी खाली बघत उभी राहिली. भावाने पेन काढलं.

"दादा, थांब," बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. "एकदा परत धर. फक्त डोळ्यांवर रुमाल बांधून."

"अगं, इथे तमाशा नको."

"तमाशा सकाळपासून चाललाय. दोनच मिनिटं."

सर हसले. "डोळे बांधले की कंपनं अडतात, बाई."

"कंपनं रक्तातून येतात असं तुम्हीच म्हणालात. रुमालाने रक्त थांबतं का?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. सरांना नाही म्हणता येईना. बाईंनी भावाचे डोळे बांधले, पुस्तकांची जागा बदलली आणि त्याचा हात धरून लोलक गृहशास्त्रावर आणला. मग मोठ्याने म्हणाल्या, "दादा, हे गणित."

लोलक गोल फिरू लागला.

सभागृहात कुजबुज उठली. बाईंनी त्याचा हात गणितावर नेला. "आणि हे गृहशास्त्र."

लोलक सरळ झुलला, पहिल्यापेक्षाही जोरात.

"आता रुमाल काढ."

भावाने खाली पाहिलं. लोलकाखाली गणिताचं पुस्तक होतं. त्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. बाईंनी प्रयोगशाळेतून लोखंडी स्टँड आणवला आणि तोच दोरा त्याला बांधला. पाचही पुस्तकं एकेक करून खाली सरकवली. लोलक निमूट लटकून राहिला.

"स्टँडला मुलगी नाही, म्हणून कंपनं नाहीत," सर पटकन म्हणाले.

"स्टँडला मत नाही, म्हणून," बाई म्हणाल्या. "मनात जे पक्कं असतं त्याप्रमाणे बोटं नकळत हलतात. आपल्याला जाणवणारही नाही इतकी थोडी. दोरा लांब असल्यामुळे तेवढीच हालचाल खाली मोठी दिसते. धरणारा खोटं बोलत नसतो. पण हे गृहस्थ आधी त्याचं मत काढून घेतात आणि तेच त्याला शास्त्र म्हणून परत देतात."

भाऊ हळू आवाजात म्हणाला, "पारड्याला कुणाचं बोट लागलं तर मी दुकानाच्या दारातून ओळखतो. आणि आज माझंच बोट लागलं."

"बाबा," मुलगी पहिल्यांदाच बोलली, "माझे मार्क तुम्हाला माहीत होते."

त्याने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तिने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र लिहिलं. त्याने खाली सही केली.

तोवर सरांनी पिशवी भरली होती. जाताना ते मुख्याध्यापकांना म्हणत होते, "संशयी लोक असले की ऊर्जा बिघडते." मुख्याध्यापक चक्क मान डोलवत होते. बाईंना वाटलं, त्या माणसाचा पांढरा कोट तिथेच उतरवून घ्यावा. तसं न करता त्या व्यासपीठावर चढल्या.

"फॉर्म पाचपर्यंत बदलता येतात," त्या म्हणाल्या. "मुलीच्या वह्या उघडून बघा. तिला काय आवडतं ते तिलाच विचारा. कठीण गेलं तर शिकवायला आम्ही आहोत. तुमची भीती तुमचीच म्हणून बोला, त्या भीतीला शास्त्राचं नाव देऊ नका. दोऱ्याला मुलगी कळत नाही."

फॉर्म बदलायला क्लार्कच्या खिडकीपाशी एकोणीस जण आले. सकाळपासून बासष्ट फॉर्मवरचं गणित खोडलं गेलं होतं. बाई पाचपर्यंत खिडकीशी उभ्या होत्या. पाच वाजता क्लार्कने खिडकी लावली, तेव्हा फाटकाबाहेर तीन बाप लोलकवाल्या सरांना गाठून धाकट्या मुलींसाठी पुढच्या वर्षीची वेळ मागत होते.