मॅडमची लेक

रखमाजीनं देवळीतली पितळी डबी उघडली, चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला, त्यावर बेलाचं पान ठेवलं आणि मूठ वळून बिरोबाच्या देवळाकडे तोंड केलं. अंगणातली कुजबूज थांबली. बाजेवर बसलेली शालू मॅडम नकळत उठून उभी राहिली.

"मॅडम, तुमची लेक आमच्या शाळंत बसली, तर वस्तीवरचं एक बी लेकरू मंठ्याच्या इंग्रजी शाळंच्या पिवळ्या गाडीत बसणार न्हाई," रखमाजी म्हणाला. "बिरोबाची आण."

गोष्ट या टोकाला जाईल असं शालूला वाटलं नव्हतं. उन्हाळी सुटी सरत आली की जिल्हा परिषदेच्या मास्तरांना दारोदार फिरावंच लागतं. पोरं मिळाली नाहीत तर शाळेला कुलूप. पूर्वी पोरं मास्तरांना घाबरून ज्वारीत लपायची, आता मास्तर पोरांच्या मागे. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना, तातेराव सरांना, घेऊन तीही आठवडाभर वस्तीवर फिरत होती. कुणी पाणी देई, कुणी चहा देई, पोरगं मात्र कुणी देत नव्हतं. आणि आज रखमाजीच्या अंगणात त्याच्या सुनेनं, शीतलनं, सरळ विचारलं होतं,

"मॅडम, तुमची प्रिया बी यंदा पहिलीलाच हाय ना? तिला कुठं घालून राह्यल्या?"

सगळ्या माना शालूकडे वळल्या. हा प्रश्न मास्तरांना कुणीतरी विचारतंच, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. शालू खोटं बोलायचं म्हणून बोलली नाही. तोंडातून निघून गेलं, इतकंच.

"इथंच. माझ्याच वर्गात."

"मामा, ऐकलं का?" शीतल सासऱ्याकडे बघून म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. आपल्या लेकाला, बबलूला, इंग्रजी शाळेत घालायचं तिचं ठरून गेलं होतं. मोबाईलवर ऐकून ऐकून तिनं त्याच्याकडून त्याचं नाव, गावाचं नाव इंग्रजीत पाठ करून घेतलं होतं. ती स्वतः बारावीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत नापास झाली आणि त्याच वर्षी उजवली गेली.

आण घेऊन झाल्यावर रखमाजीनं मूठ उघडून शालूपुढे धरली. मोठ्या माणसानं दिलेला प्रसाद नाही कसा म्हणायचा? तिनं चिमटीत भंडारा घेऊन कपाळाला लावला. कोपऱ्यातली म्हातारी सोनूबाई म्हणाली, "झालं बाई." बायांनी पदर डोक्यावर सारखे केले.

परतताना तातेराव सरांनी अर्ध्या वाटेत मोटारसायकल थांबवली. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"मॅडम, तुम्ही तर कमालच केली. डायरेक्ट भंडारा लावला!"

"प्रसादच होता ना तो?"

"प्रसाद देवळात असतोय. आण घेऊन पुढं केलेल्या मुठीतला घेतला म्हंजे तुमचा बी बोल झाला. आता ही माणसं मरतील, पर फिरणार न्हाईत." सरांनी किक मारली. "शाळा वाचली बघा. मी रिटायर व्हईस्तोर तर बराबर चालती आता."

शालूनं कपाळ पुसलं. पिवळा रंग बोटांना लागला, कपाळावरही राहिला.

मंठ्यातल्या घरी प्रिया आरशापुढे उभी होती. गळ्यात नव्या इंग्रजी शाळेचा लाल टाय, अंगात पेटीकोट. मेडिकलचं दुकान बंद करून आलेला तिचा नवरा राजानंद कौतुकानं तिच्याकडे बघत बसला होता. शालूनं झालेलं सांगितलं. तो चिडेल अशी तिची अपेक्षा होती, पण तो चिडला नाही. चिडला असता तर भांडता आलं असतं.

"तू चांगली शिकवतीस, त्याच्यात वादच न्हाई," तो म्हणाला. "पण चार वर्ग अन् दोन माणसं. त्यातला एक माणूस सदा सरकारी माहिती भरण्यात. तू मला एकच सांग शालू. तू मास्तरीण नसतीस, तर आपल्या लेकीला त्या शाळेत घातलं असतंस?"

शालू भाकरीच्या पिठात पाणी घालत राहिली. पीठ सैल झालं.

शेवटी दोघांनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही घरचा पाहुणा उपाशीच, पण तो काढताना माणसाला फार शहाणपण वाटतं. पट पक्का होईपर्यंत प्रिया वस्तीवरच्या शाळेत बसेल. तिकडची जागा राजानंद धरून ठेवील. मग काहीतरी सांगता येईल.

शाळा उघडली त्या दिवशी वस्तीनं नव्या पोरांना ट्रॅक्टरमधून मिरवलं. प्रिया आणि बबलू सगळ्यांत पुढे. रखमाजी नवा पटका बांधून आला होता. त्यानं एकेका लेकराच्या कपाळाला भंडारा लावला आणि प्रियाच्या कपाळाला जरा जास्तच लावला. पिवळी गाडी रस्त्यावर हॉर्न वाजवत बराच वेळ थांबली आणि रिकामीच गेली. सगळ्या आया आल्या होत्या. शीतल आली नव्हती.

प्रियाला ती शाळा मनापासून आवडली, आणि शालूच्या जिवाला खरा घोर लागला तो त्यामुळेच. पोरगी घरी यायची ती फ्रॉकला कुसळं आणि केसांत माती घेऊन, आणि बबलूच्या शेळीला करडं झाली इथपासून सुरुवात करायची. दोघांनी एक सतरंजी वाटून घेतली होती. कधी नव्हे ती दोन भाकरी खायला लागली. पंधरवड्यात पट पक्का झाला, वरून कागद आला, शाळा राहिली. तातेराव सरांनी पेढे वाटले. त्याच संध्याकाळी राजानंद म्हणाला, "सोमवारपासून. तिकडं आता जास्त थांबणार न्हाईत."

त्यानं जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं. पुढे कधी त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. पण सोमवारी सकाळी प्रियाच्या गणवेशाला इस्त्री शालूनंच केली, टायची गाठ तिनंच बांधली. "बबलू वाट बघल गं," प्रिया रडत म्हणाली, तेव्हा तिचे डोळेही शालूनंच पुसले. आपल्या शिकवण्यावर आपलाच भरवसा नाही, हे तिला त्या दिवशी नीट कळलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवत होती, आणि दुसऱ्यांच्या लेकरांपुरताच तो भरवसा होता.

"ताप आलाय," तिनं शाळेत सांगितलं.

दुपारी रखमाजी काठी टेकत ओसरीवर आला. "लेकराला ताप असंल तर घाई करू नका, मॅडम. राहू द्या घरीच. घरी दूध हाय का? अंगदच्या हाती लावून देतो."

"नको बाबा, आहे दूध," शालू घाईनं म्हणाली. रखमाजीचा मुलगा अंगद रोज मंठ्याला दूध घालायला जाई. तो दारात आला असता तर पंचाईतच होती.

तापानंतर अशक्तपणा झाला. अशक्तपणानंतर प्रिया आजीकडे केदारखेड्याला गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी नुसतं "काय मॅडम" म्हटलं तरी शालू हजेरीपुस्तकात डोकं घाली. आठवडा गेला, दुसरा गेला. मग वस्तीनं विचारायचंच सोडून दिलं. एकही पोरगं कमी झालं नाही. बाया पूर्वीसारख्याच हसून नमस्कार करत, शेंगा आल्या तशा शेंगा आणून देत. शालूला हायसं वाटलं. साधी माणसं, विसरली असतील, असं तिनं राजानंदला सांगितलं.

"मी म्हणलो न्हवतो?" तो म्हणाला.

बबलू मात्र बरेच दिवस अर्धी सतरंजी मोकळी सोडून बसायचा. मग एक दिवस ऐसपैस बसला. पोरगं तल्लख निघालं. पोळ्याला अक्षरं जोडू लागलं आणि दसऱ्यापर्यंत पुस्तकातलं पान न अडखळता वाचू लागलं. असं पोरगं मास्तरांच्या नशिबी नेहमी येत नाही. एरवी शालूनं त्याला सगळ्या शाळेपुढे उभं केलं असतं. या वेळी तिला ते जमेना. त्याच्याकडे बघितलं की तिला सतरंजी दिसायची.

दसरा झाल्यावर शीतल पहिल्यांदा शाळेत आली. दाराशी चप्पल काढून उभी राहिली. आत बबलू दुसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवत होता.

"मॅडम, एक काम व्हतं."

"ये ना, बस."

"बसत न्हाई. कापूस येचायला जायचंय." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "प्रियाला तिकडच्या शाळंत जे शिकवतेत ना, ते संध्याकाळी तिच्याकडून समजून घेत जा. अन् दुसऱ्या दिशी आमच्या बबलूला सांगत जा. लई न्हाई, थोडं थोडं. तेवढंच त्यो मागं पडायचा न्हाई."

शालूनं खडू टेबलावर ठेवला.

"तुला... कोणी सांगितलं?"

"बबलूच्या पप्पांनी पाह्यलं की, पहिल्याच दिशी. दूध घालून येऊन राह्यले व्हते. तुमचे मिस्टर तिला गेटात सोडून राह्यल्ते."

"पहिल्याच दिवशी?"

"हां. त्यांनी तर त्याच दिशी बबलूला काढतो म्हणलं. मामांनी न्हाई ऐकलं." शीतल हे सगळं शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगत होती. "मामा म्हणले, बोल आपन दिला, आपला आपन पाळायचा. त्यांचा त्यांच्यापाशी. अन् मॅडमला कुणी काय बोललं तर माझ्याशी गाठ हाय. मंग काय, समदी गप बसली."

शालूला वाटलं, हिनं आता दोन शिव्या द्याव्यात. वस्तीवरच्या बायका शिव्या द्यायला काही कमी नव्हत्या. पण शीतलच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडेना. ती घाईत होती, आणि तिला उत्तर हवं होतं.

"शीतल, तू ऐकतेस का? तो किती छान वाचतोय बघ." शालू जवळजवळ अजिजीनं बोलली. "माझ्या वर्गात इतक्या लवकर कुणी वाचलं नाही."

शीतलनं मान तिरकी करून क्षणभर ऐकलं. आत बबलू कोल्ह्याचा आवाज काढून वाचत होता आणि पोरं हसत होती.

"मराठीच हाय ना ते," ती म्हणाली. "सांगताल ना, मॅडम?"

"सांगते."

त्या संध्याकाळी शालूनं प्रियाला मांडीवर घेतलं. पोरगी अलीकडे कमी बोलायची. विचारल्याशिवाय शाळेचं काही सांगायची नाही, आणि विचारलं तरी तुकड्यातुकड्यानं.

"आज काय काय शिकवलं, सोन्या?"

प्रियानं विचार केला. मग दोन्ही पाय जुळवून सरळ बसली आणि उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"म्हणजे काय?"

"फिंगर ऑन लिप्स," बोट तसंच ठेवून ती म्हणाली. "टीचर म्हणल्या की असं बसायचं."

"बरं. आणि मग?"

"मग सुटी होते."

शालूनं वही बघितली. फळ्यावरून उतरवलेल्या ओळी होत्या, सुबक. त्यांतला एक शब्द वाचून दाखव म्हटल्यावर प्रियानं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा बोट ओठांवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपला आणि बबलू टेबलापाशी येऊन उभा राहिला. केसांना तेल लावून चापून भांग पाडला होता.

"मॅडम, मम्मी म्हणली, तुम्ही मला प्रियाच्या शाळंतलं सांगणार हाव."

खिडकीतून शालूला शीतल दिसली. कुंपणाच्या काट्यांपाशी, कमरेला कापसाची ओटी बांधून, कामाला जायची थांबून ती आत बघत होती. शालूनं पुस्तक उघडलं, मिटलं. काय सांगावं ते तिला खरोखरच सुचेना. बबलू तिच्या तोंडाकडे बघत होता.

"फिंगर ऑन लिप्स," ती म्हणाली आणि आपलं बोट ओठांवर ठेवून दाखवलं.

बबलूनं बरोबर तसंच केलं. त्याच्यामागं बाकीच्या पोरांनीही केलं. वर्ग गप्प झाला. कुंपणापाशी शीतल तोंडाला पदर लावून पहिल्यांदाच हसली आणि भरभर कापसाच्या वाटेला लागली.