माठाखालचं कडं

टण्.

आईनं माठ भरून परत लोखंडी कड्यावर ठेवला आणि दुपारची शांतता तेवढ्या आवाजानं हलली. माझ्या लेकीनं, अक्षतानं, झोपेत कूस बदलली, परत निजली. मी श्वास सोडला. ती निजते तो दीड तासच माझा, आणि त्यात मला गाडीखाली जायचं होतं.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, जुनी जीप-पिकअप. माझ्यापेक्षा वयानं मोठी. माझ्या माहेरी, वडीगोद्रीत, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा याच गाडीवर असते, आणि गाडीनं पुढच्या बायांच्या पावलानं चालायचं, हा अण्णांनी पाडलेला रिवाज. पहिला गिअर टाकून ते क्लचवरचा पाय काढून घ्यायचे. गाडी चार तास तशीच चालायची, लेकराला कडेवर घेऊन चालावं तशी. दीड वर्षापूर्वी अण्णा गेले. मागच्या जयंतीला मी स्टिअरिंगवर बसले, तर ती पहिल्या गिअरमध्येही बायांच्या टाचांवर जायला लागली. क्लच दाबून दाबून शेवटी तो जळाला आणि शाळेपासून गाडी लोकांनी ढकलत आणली.

समितीचे नागसेनभाऊ परवा येऊन म्हणाले, "रूपाली, यंदा ट्रॅक्टर सांगून टाकतो. ही गाडी आम्हालाबी प्यारी हाय गं, पण दरसाल ढकलायची का?"

"गुरुवारपर्यंत थांबा, भाऊ."

"गुरुवारच्या संध्याकाळपर्यंत. मंग माझ्या हातात न्हाई."

मी मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल केला, चाकावर आणि मधल्या शाफ्टवर खडूची खूण केली. चाकाचे दोन फेरे होईपर्यंत शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं, हे अण्णांनीच शिकवलेलं. सव्वाचार फेरे झाले. परत मोजलं. सव्वाचारच.

ओट्यावर काकासाहेब मिस्तरी बसले होते. गुडघे गेले, आता गाडीखाली जाता येत नाही, पण जीभ शाबूत.

"सव्वाचार? मंग बराबर. मागच्या एक्सलातला दातेरी चाकांचा जोड बदललेला हाय, तुझ्या बापानंच बदलून घेतल्ता. जल्दी पोचायला पाहिजे म्हणला. हा पळायचा जोड हाय, चालायचा न्हाई."

"कुठं जल्दी पोचायला?"

"गाडीवाल्याला कोणी विचारतं का ते?"

"आणि मूळचा कोणता होता?"

"दोन तऱ्हेचे यायचे. छोटा पिनियन दोन्हीत आठ दातांचा. मोठा क्राउन एकात एकोणचाळीस दातांचा, दुसऱ्यात त्रेचाळीस. दात जास्त, तेवढी चाल संथ. तुमचा कोणता ते इसरलो. संभाजीनगरला जुन्या बाजारात दोन्ही हायेत, पण नेलेला माल परत घेत न्हाईत."

"सरळ त्रेचाळीसचा आणते मग."

"आण की. मूळचा एकोणचाळीसचा असला तर इंजिनाला जादा फिरावं लागंल. चार तास, एप्रिलचं ऊन. पाणी उकळलं की प्रतिमेसमोर वाफा काढत बस."

एक्सलवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर आकडा असतो. आमच्या एक्सलवर नुसता बोल्ट होता. अण्णांची कागदांची पेटी उपसली. टायरच्या पावत्या, माझं दहावीचं गुणपत्रक. जोडाबद्दल ओळ नाही.

ग्रीसचे हात घेऊन घरात आले. "आई, पाणी दे गं."

आईनं माठ तिरका केला. परत ठेवला. टण्.

मी खाली वाकले. कडं म्हणून दोन वर्षं जे पाहत होते, त्याच्या कडेला चुन्याच्या पांढऱ्या थराखाली दात होते.

"आई, हे कुठनं आलं?"

"अण्णांनी आणल्तं. माठ हलतो म्हणून मी रोज कटकट करायचे ना."

"माठ उतरव."

"आत्ता भरलाय, रूपे."

"उतरव गं."

चिंचेच्या कोळानं घासलं. एका दातावर खडू ओढून मोजत गेले. त्रेचाळीस. खात्री होईना म्हणून उलट्या बाजूनं मोजले. त्रेचाळीस. मागच्या बाजूला, गंजातून हळूहळू, ठोकलेले आकडे वर आले: आठ, त्रेचाळीस.

काकासाहेबांनी ते मांडीवर घेऊन दातांवरून बोट फिरवलं. "हेच काढल्तं मी. घासलंय, कामाचं न्हाई. पण साक्षीदार पक्का."

"गाडीचा जोड माझ्या चुलीपाशी," आई म्हणाली, "अन् तुम्ही गावभर पुसत फिरा. आता माठ कशावर ठेवू?"

मिथुन, माझा नवरा, दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या आमच्या घरून परस्पर बाजारात गेला आणि जोड घेऊन आला. काकासाहेब ओट्यावरून ओरडत राहिले, मधेच शेजारी बसलेल्या अक्षताला आजोबांच्या जल्दीची गोष्ट सांगत; आम्ही दोघं गाडीखाली. गुरुवारी दुपारी नागसेनभाऊ बघायला आले.

आई पुढं चालायला लागली, डोक्यावर पदर, पाय ओढत, तिच्या रोजच्या चालीनं. मी पहिला गिअर टाकला. क्लचवरचा पाय काढला. गाडी हलली आणि आईच्या मागं चार हातांचं अंतर राखून तशीच चालत राहिली. वस्तीच्या कमानीपर्यंत आईनं एकदाही मागं पाहिलं नाही.

नागसेनभाऊंनी फोन काढला. "ट्रॅक्टर नको," एवढंच बोलले.

अक्षता माझ्या शेजारी उभी होती, दोन्ही हात डॅशबोर्डवर. ती पाळण्यात होती तेव्हा अण्णा दर रविवारी तिला बघायला याच गाडीनं भोकरदनला यायचे. एकदा घड्याळ दाखवून म्हणाले होते, "बघ, आज पाऊण तास आधी पोचलो." रस्ता नीट झाला असेल, असं वाटून मी चहा टाकायला आत गेले होते.

"आई," अक्षतानं विचारलं, "आजोबाला कुठं जल्दी पोचायचं होतं?"