न घाबरणारं वजन

माझ्या अंगावर वजन आहे हे मला कोणी सांगायला नको, घरात आरसा आहे. पण समथरहून आमचा ट्रॅक्टर बघायला आलेल्या माणसानं ते चारचौघांत बोलून दाखवलं, आणि त्याच दिवशी आमच्या इंदिरानं जे करून दाखवलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

इंदिरा माझी भावजय. माझा धाकटा भाऊ भीमराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि गरौठ्याच्या रस्त्याला त्यानं जमीन घेतली. जमीन कसली, टोरिया! खडकाळ टेकडीला आमच्या झाँसीकडे टोरिया म्हणतात. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलता बोलता हिंदीत कधी घसरतो ते आमचं आम्हाला कळत नाही. इंदिरा मात्र साताऱ्याकडची, डोंगरउतारावर वाढलेली. तिनं त्या टोरियाच्या माथ्यावर कागदी लिंबाची रोपं लावली आणि तान्ह्या पोरासारखी जपली. भीमानं छोटा ट्रॅक्टर घेतला. दिसायला खेळण्यासारखा, पण आवाज असा की आजूबाजूची कुत्री पळून जायची.

गेल्या साली भीमा उतारावर आडवा नांगर चालवत होता. ट्रॅक्टर हलका, खालच्या बाजूला कलतो. मग आमच्याकडे सगळे करतात तेच त्यानं केलं. वरच्या बाजूच्या मडगार्डवर माणूस बसवला, वजन म्हणून. तो माणूस म्हणजे इंदिरा. वरचं चाक एका दगडावर चढलं, ट्रॅक्टर कलला, इंदिरानं घाबरून उडी मारली, आणि ट्रॅक्टर पडला आडवा. भीमाचा पाय खाली सापडला. पाय वाचला, पण हातात काठी आली.

भीमा तिला एका शब्दानं बोलला नाही. अहो, बोलला असता तर बरं झालं असतं! भांडण झालं असतं, दोन भांडी आपटली असती, सुटलो असतो. पण तो गप्प, म्हणून तीही गप्प. त्याच्या गप्प बसण्याचा तिनं एकच अर्थ लावला, की तू पळालीस. मला तिनं तसं एकदा बोलूनही दाखवलं, भाकरी थापता थापता, मान वर न करता. मी म्हटलं, "अगं वेडे, कोणीही उडी मारली असती." ती म्हणाली, "वन्सं, ह्यांनी नसती मारली."

भीमानं ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली आणि जाहीर केलं की हा विकायचा. टोरियावर कोणी चढवायचा नाही. चैत्र सरला, लू सुरू झाली, अंग भाजून काढणारा आमच्याकडचा उन्हाळी वारा. वरच्या रोपांना पाणी हंड्यानं जायला लागलं. इंदिरा दोन हंडे घेऊन चढायची, मी एक कळशी घेऊन, निम्म्यात बसून, देवाचं नाव घेत. पानं कडेनं वळायला लागली. भीमा म्हणाला, "रोपं गेली की जमीनही काढून टाकू. झाँसीत फ्लॅट घेऊ, आरामात राहू." इंदिरा म्हणाली, "नाही." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली.

बाई, काय जिद्द तिची! झाँसीला जाऊन एका वर्कशॉपात ती ठाण मांडून बसली. तिथल्या मिस्त्रीला प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. तो म्हणाला, "भाभीजी, चहा घ्या आणि मला जेवायला जाऊ द्या." घरी येऊन पहिला प्रयोग केला तो मात्र साफ फसला. दोन्ही मडगार्डांवर तिनं वाळूची पोती बांधली आणि ट्रॅक्टर बांधावरून नेला. तो दारू प्यायल्यासारखा डुलायला लागला. एक पोतं फुटलं, वाळू सगळी तिच्या डोक्यात. मी हसून हसून खाली बसले. तीही हसली, बऱ्याच महिन्यांनी. मग केस झटकत म्हणाली, "वन्सं, वजन कमी नाही पडलं. उंचावर पडलं. वजन खाली पाहिजे, जमिनीजवळ."

तिथून तिचं डोकं जे चाललं ते बघत राहावं असं. मागची चाकं एकेक करून जॅकवर उचलली, हवा भरायचं तोंड वरच्या अंगाला येईल असं फिरवलं आणि टायरात नळीनं पाणी भरलं. तोंडातून पाणी बाहेर आलं की थांबायचं, वरच्या रिकाम्या भागात हवा भरायची. भीमा खाटेवरून बघत होता. म्हणाला, "टायरला पाणी पाजतेस? म्हैस आहे का ती?" इंदिरा म्हणाली, "म्हशीएवढी जड झाली की सांगते." तीच चाकं मग तिनं आतली बाजू बाहेर करून बसवली, त्यामुळे दोन चाकांतलं अंतर वाढून ट्रॅक्टर जास्त फाकून उभा राहिला. चाकांना बिडाच्या जाड चकत्या बोल्टनं आवळल्या. पुढं नाकाखाली लोखंडी वजनं टांगली, कारण मागं ओढायला ओझं आलं की पुढची चाकं उचलतात. ट्रॉलीचा हूकही सगळ्यात खालच्या भोकात अडकवला. मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं, पण पाना धरलेला तिचा हात बघितला की वाटायचं, हिला सगळं कळतंय. रोज सकाळी ती पायथ्याशी थोडंसं चढायची आणि उतरायची. सरळ वर, सरळ खाली. आडवं कधीच नाही.

आणि मग आलं ते समथरचं गिऱ्हाईक. गजराजजी नाव, मिशा मोठ्या, बरोबर दोन माणसं. भीमानं त्यांना बोलावून ठेवलं होतं. ते म्हणाले, "सुभेदारसाहब, ज़रा चलाकर तो दिखाइए." भीमानं मान खाली घातली. इंदिरा पदर खोचून पुढं झाली. म्हणाली, "मी दाखवते." आणि ट्रॉलीवरची पाण्याची टाकी काठोकाठ भरून ती ट्रॉली जोडली. भीमा पुढं आला. "अगं, वर नेऊ नकोस. पाया पडतो." सगळ्यांसमोर म्हणाला तो हे. माझ्या भावाला मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. इंदिरा सीटवर बसली. म्हणाली, "रोपं आज नाही तर उद्या मरतील. मला जाऊ द्या."

चढाच्या तोंडाशी ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि पुढची चाकं जराशी नाचली. झालं! गजराजजी ओरडले, "अरे मुँह उठा देगा! दो-तीन जने आगे बैठ जाओ!" आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "या जिज्जी अकेली ही बैठ जाएँ, बहुत है." जिज्जी म्हणजे ताई, म्हणजे मी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगते, मी निघालेही होते बसायला. इंदिरासाठी मी बोनेटवर काय, चुलीवरही बसले असते.

इंदिरानं ब्रेक दाबला आणि मागं वळून बघितलं. "कोणी बसायचं नाही," ती म्हणाली. "वन्सं, तुम्हीपण नाही. माणूस घाबरतो. घाबरला की उडी मारतो, आणि चालवणारा खाली सापडतो. मला न घाबरणारं वजन पाहिजे. ते मी लावलंय."

हे ती माझ्याकडे बघून बोलली, पण ऐकणारा दुसराच होता. भीमा जागच्या जागी उभा राहिला.

ट्रॅक्टर चढायला लागला. सावकाश, अगदी सावकाश. पाण्यानं भरलेली ती मोठी चाकं जमिनीला चिकटून वर जात होती. एका ठिकाणी मुरूम सुटला, मागचं चाक फिरलं, मी डोळे मिटले. भीमा पुटपुटत होता, "लो गिअर. लो गिअर. घाई नको." डोळे उघडले तर ती त्या जागेच्या पुढं गेली होती. माथ्यावर पोचून तिनं नळी सोडली. पाणी पहिल्या रोपाच्या आळ्यात पडलं ते खालून आम्हाला चमकताना दिसलं, आणि मी रडले. का लपवू?

भीमा खालून ओरडला, "अर्धं पाणी ठेव, खालच्या रांगेला होईल!" वरून उत्तर आलं, "अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळतं! रिकामी करूनच येणार!" आणि तशीच आली, त्याच गिअरमध्ये, क्लचवर पाय न ठेवता, सरळ रेषेत.

गजराजजी पुढं सरसावले. "साहब, जैसा है वैसा ही ले लेंगे. ये सब वजन समेत." भीमानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो काठी टेकत ट्रॅक्टरपाशी गेला. इंदिरा खाली उतरली होती.

"तू उडी मारलीस म्हणून तू आहेस," भीमा म्हणाला. "तुला तिथं बसवणारा मी. बायकोला वजन म्हणून बसवलं मी. एवढं बोलायला मला वर्ष लागलं." मग जमेल तेवढा ताठ उभा राहून म्हणाला, "आता मला शिकव, उस्ताद."

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आयुष्यभर त्यानं हा शब्द मोजक्या माणसांसाठी वापरलेला, मला माहीत आहे. इंदिरानं पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून, एकदम करड्या आवाजात म्हणाली, "चपला घालून चालवू देणार नाही. आधी बूट घाला."

"बूट तुझ्या पायात आहेत," भीमा म्हणाला.

होतेच की! त्याचे फौजेतले जुने बूट, पुढं चिंध्या कोंबून तिनं घातलेले. ती तिथंच दगडावर बसली आणि लेस सोडायला लागली.