एशरत आत्याचा काळा गुलखैरा

तू आधी गप बस आणि ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल.

इराणमधल्या हमदानची हेलिया. लग्न होऊन आलेली, माती कधी हातात न धरलेली. तिच्या नवऱ्याची एक आत्या, एशरत आत्या. तिचं जुनं घर पाडून तिथं फ्लॅट उठले, आणि अंगणातला काळा गुलखैरा गेला. फुलं अगदी पिकलेल्या तुतीसारखी काळी, आणि झाड माणसाएवढं उंच. उरलं ते चिमूटभर बी. आत्याचे हात थरथरायचे, म्हणून तिनं ते सगळंच्या सगळं हेलियाला दिलं. बी वरवर पेर, माती ओली ठेव, पहिल्या वर्षी नुसती पानं येतील, धीर सोडू नको, फूल दुसऱ्या वर्षी, असं सगळं शिकवलं. आणि ट्रेला खूण कर, हे दोनदा सांगितलं.

हेलियानं खूण केली नाही. लक्षात राहील की!

माती उरली होती, म्हणून तिनं नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या, हिरवळीसाठी तसल्याच दुसऱ्या ट्रेमध्ये अळीव टाकले. दोन्ही खिडकीत, दोन्ही हिरवेगार. नवरोजच्या तेराव्या दिवशी सगळं घराणं डोंगराखालच्या ओढ्यावर गेलं. हिरवळ घरात ठेवली तर अपशकुन, ती वाहत्या पाण्यातच सोडायची. हेलियानं ट्रे उपडा केला. हिरवा गठ्ठा गरगरत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आत्यानं सगळ्यांत जोरात.

घरी आल्यावर हिला कसलीशी शंका आली. खिडकीतल्या ट्रेमधलं एक पान तोडून तिनं तोंडात टाकलं, तर जीभ चुरचुरली. अळीव! म्हणजे ओढ्यात सोडला तो गुलखैरा.

तेव्हाच सांगायचं ना? पण बाईसाहेब नर्सरीत गेल्या आणि गुलखैऱ्याची रोपं घेऊन आल्या. रंग कुठला, नर्सरीवाल्यालाही ठाऊक नव्हता. तिनं ती आत्याच्याच बियांची म्हणून आत्याच्या नव्या घराच्या गच्चीत कुंड्यांमध्ये लावून टाकली.

वर्षभर आत्या पानांवरून हात फिरवायची. कुणीही आलं की हेलियाला पुढं करायची, आमच्या घराण्यात असा हात कुणाचा नाही म्हणायची. जावा टोमणे मारायच्या, "हात कसला, आत्याला लोणी लावते नुसती." हेलिया आपली चहा ओतायचं निमित्त करून आत पळायची. काय सांगू, फुलंच येऊ नयेत म्हणून तिनं नवस केला!

पण दुसऱ्या वर्षी दांडे सरळ वर गेले. आत्यानं जुन्या गल्लीतल्या बायकांना शुक्रवारी बोलावलं, काळा गुलखैरा बघायला. आणि शुक्रवारी सकाळीच पहिली कळी उकलली.

गुलाबी. बाहुलीच्या झग्यासारखी.

आत्या खुर्ची ओढून समोर बसली. खूप वेळ बघत राहिली. हेलियाला वाटलं, आता गच्ची फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. सांगू, आत्ता सांगू, असं म्हणत तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानंच तिचा हात धरला.

"माझंच चुकलं गं, हेलिया जान. शेजारच्या गुलाबी गुलखैऱ्यावरची मधमाशी माझ्या झाडावर आली असणार. बीच भेसळीचं होतं. मला कळायला हवं होतं. दोन वर्षं तुला उगाच राबवलं मी."

हेलिया दुसऱ्या हातानं कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागली.

"रागावलीस? म्हातारीला माफ कर."

खाली दाराची घंटा वाजली. बायका आल्या होत्या. आत्या तिच्या तोंडाकडे बघत तशीच बसून, हात सोडायला तयार नाही, उत्तर मिळाल्याशिवाय उठायला तयार नाही. आणि हेलिया म्हणाली, "असू दे, आत्या. माफ केलं."

माफ केलं म्हणाली गं ती! आत्यानं डोळे पुसले आणि दार उघडायला गेली, आणि जिन्यातूनच बायकांना सांगायला लागली की पोरीचा काही दोष नाही, बी माझं खोटं निघालं.

हेलिया अजून कुंडीपाशीच उभी. बायका वर येतायत. आता तू सांग, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?